आजारपणानंतर कामावर रुजू होताना: पहिल्या सहा आठवड्यांचा आराखडा

डोंबिवलीत राहणारा आणि महापेला कामाला असलेला माणूस रोज सकाळी किती पायऱ्या चढतो-उतरतो, हे त्याच्या एचआरला सहसा ठाऊक नसतं. आधी डोंबिवलीचा पूल, मग ठाण्याला उतरून ९-१० नंबर फलाटाकडे जाणारा पूल, नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्सहार्बरच्या गाडीत उभ्याने घणसोली किंवा कोपरखैरणे, आणि बाहेर पडून शेअर रिक्षात कडेची सीट. एवढं झाल्यावर कार्ड पंच होतं आणि कंपनीच्या लेखी त्याचा दिवस सुरू होतो. मणक्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले असतील किंवा केमोथेरपी नुकतीच संपली असेल, तर त्याचा दिवस तोवर निम्मा संपलेला असतो.

लांबच्या रजेवरून परतलेल्या माणसाची तयारी म्हणूनच हजेरीपटावर मोजू नये. संध्याकाळी घरी पोचल्यावर त्याच्यात किती उरलंय आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो कसा उठतो, यावर मोजावी. पहिल्या दिवशी आठ तास बसला म्हणजे बरा झाला, असं समजून लगेच पूर्ण काम अंगावर टाकलं, की दोन-तीन आठवड्यांत तोच माणूस पुन्हा रजेवर जातो. दुसऱ्यांदा रजेवर गेलेल्याला परत आणणं पहिल्यापेक्षा अवघड असतं, कारण आता त्याचा स्वतःवरचा भरवसाही गेलेला असतो.

खालचा आराखडा ठाणे-नवी मुंबईतल्या मध्यम आणि लहान कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. वागळे इस्टेट, टीटीसीची औद्योगिक वसाहत, ऐरोली-घणसोलीची आयटी ऑफिसं, सगळीकडे थोड्याफार फरकाने तो चालतो.

दहा-बारा दिवस आधी: एक फोन आणि एक कागद

फोन थेट वरिष्ठाने करावा, एचआरच्या नव्या मुलीने नाही. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. "कधी येताय?" याने सुरुवात केली की समोरचा घाबरून लवकरची तारीख देतो. त्याऐवजी दिवस कसा जातो ते विचारा: सलग किती वेळ बसता येतं, एक जिना चढल्यावर थांबावं लागतं का, औषधं किती वाजता असतात आणि त्यांनी झोप येते का, पुढच्या दोन महिन्यांत तपासणीच्या कोणत्या तारखा आहेत. आजार कोणता, हे विचारू नका. त्याने आपणहून सांगितलं तर ऐका आणि तिथेच सोडा. तुमचं नियोजन आजाराच्या नावावर चालत नाही, माणसाला काय जमतं आणि काय जमत नाही यावर चालतं.

कागद डॉक्टरांसाठी. एरवी फिटनेस सर्टिफिकेटवर "कामावर रुजू होण्यास योग्य" एवढी एक ओळ येते. डॉक्टरांनी दुसरं काय लिहावं? आपला पेशंट दिवसभर काय करतो हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून कामाचं वर्णन एका पानावर लिहून कर्मचाऱ्याच्या हाती द्या. ते साधारण असं असावं:

"स्टोअर असिस्टंट. शिफ्ट ९ ते ६. सलग उभं राहणं ४० मिनिटांपर्यंत. १५ ते २० किलोचे बॉक्स दिवसातून साधारण ३० वेळा, कमरेपासून खांद्याच्या उंचीपर्यंत. शिडी दिवसातून चार-पाच वेळा. गोडाऊनला एसी नाही. घर ते कंपनी एका बाजूचा प्रवास दीड तास, त्यात ट्रेनमध्ये उभ्याने ४० मिनिटं."

खाली चार प्रश्न घाला आणि उत्तराला जागा सोडा. यातलं काय अजिबात नको? काय कमी प्रमाणात चालेल, आणि किती? कोणत्या औषधाने झोप, चक्कर किंवा रक्तस्राव वाढण्याचा धोका आहे? हे निर्बंध कोणत्या तारखेपर्यंत, आणि पुन्हा कधी तपासायचे?

"हलकं काम द्यावे" असा शेरा आला तर कागद परत पाठवा. गोडाऊनच्या सुपरवायझरला बारा किलो हलकंच वाटतं. "पाच किलोपेक्षा जास्त नको, शिडी नको, ३० तारखेपर्यंत" असं लिहून आलं, की त्यावर कोणी वाद घालत नाही.

ईएसआयसीच्या लोकांचं गणित वेगळं

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले बहुतेक कामगार ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, येतात, आणि इथे चांगल्या मनाने केलेली चूकही महागात पडते. आजारपणाचा भत्ता सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. टीबी, कॅन्सर अशा ठरावीक ३४ दीर्घ आजारांत, सेवेच्या अटी पूर्ण असतील तर, तो ८० टक्क्यांनी आणि दोन वर्षांपर्यंत लांबू शकतो. पण हा भत्ता दिवसाच्या हिशेबाने असतो. ज्या दिवसाचा पगार मिळाला त्या दिवसाचा भत्ता नाही. "सकाळी दोन तास येऊन जा, बाकी ईएसआयसी बघून घेईल" हे चालत नाही. रजेचं सर्टिफिकेट सुरू असताना मस्टरवर सही झाली, तर भत्ता अडकतो आणि कामगाराला वागळे इस्टेटच्या किंवा वाशीच्या ईएसआयएस रुग्णालयात, मग ब्रँच ऑफिसात चकरा माराव्या लागतात.

क्रम असा ठेवा: आधी ईएसआयसीच्या डॉक्टरांचं अंतिम प्रमाणपत्र, मग रुजू तारीख, आणि त्यानंतर कमी तासांचा आराखडा पूर्ण पगारावर. पूर्ण पगार का, ते पुढे हिशेबात येईलच. भत्त्यावर असलेल्या कामगाराला काढता येत नाही, हेही मालकाच्या कानावर आधीच घालून ठेवावं.

सहा आठवडे

एक नियम पाळा: एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची. दिवस वाढवले तर तास तेच. तास वाढवले तर दिवस तेच. दोन्ही एकदम वाढवलं आणि तब्येत बिघडली, तर कशाने बिघडली ते कळत नाही.

सोमवारी रुजू करून घेऊ नका, बुधवारी घ्या. सोमवारी मीटिंगा, साचलेली मेल आणि स्टेशनवरची गर्दी, सगळं एकदम अंगावर येतं. बुधवारी आलेल्याला तीनच दिवस काढायचे असतात आणि मग शनिवार-रविवार विश्रांती.

पहिला आठवडा: बुध, गुरू, शुक्र, साडेअकरा ते साडेतीन. दुसरा: सोम, मंगळ, गुरू, शुक्र, तेच चार तास, बुधवारी सुट्टी. मधला दिवस मोकळा ठेवण्याचा फायदा असा की सलग दोन दिवसांपेक्षा जास्त प्रवास होत नाही. तिसरा: तेच चार दिवस, पण साडेपाच तास. चौथा: पाच दिवस, साडेपाच तास. पाचवा: पाच दिवस, सात तास. सहावा: पूर्ण वेळ, पण ओव्हरटाइम नाही, नाइट शिफ्ट नाही, सुरत-पुण्याचा दौरा नाही.

पाच दिवसांच्या आठवड्यात, आठ तासांच्या दिवसाला धरून हिशेब केला तर रुजू तारखेपासून कंपनीचे साडेएकाहत्तर तास जातात. म्हणजे जेमतेम नऊ दिवसांचा पगार. नवा माणूस शोधून, शिकवून उभा करायला याहून किती जास्त लागतं, हे अकाउंट्सला विचारा. मालकाला पटवायचं असेल तर करुणेच्या गोष्टींपेक्षा हा आकडा लवकर काम करतो.

साडेअकराची वेळ उगाच निवडलेली नाही. त्या वेळी पोचायचं असेल तर माणूस दहाच्या आसपास निघतो, सकाळची मोठी लाट ओसरत आलेली असते. साडेतीनला सुटला तर संध्याकाळची लाट सुरू व्हायच्या आत घरी. तासांत थोडी घासाघीस झाली तरी चालेल, पण या दोन टोकांच्या वेळा सोडू नका. आठ तासांचे सहा केले आणि वेळ सकाळी नऊचीच ठेवली, तर वाचवलेली ताकद ठाणे स्टेशनच्या पुलावर खर्च होते.

प्रवासातल्या आणखी काही गोष्टी. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णांना आणि गर्भवती महिलांनाही जाता येतं. रुग्णालयाचे कागद सोबत ठेवायला सांगा, म्हणजे डब्यात वाद झाला तर दाखवता येतात. कंपनीची बस असेल तर पाठीचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालेल्याला मागच्या चाकांवरची आणि शेवटची रांग देऊ नका, सगळे धक्के तिथेच बसतात. दोन चाकांच्या मधली सीट नावाने राखून ठेवा. घोडबंदर रोडवरून येणाऱ्याचा प्रश्न उलटा: बसायला मिळतं, पण ट्रॅफिकमध्ये सव्वा-दीड तास एकाच जागी अडकून पडतो. अशाला ऑफिसात आल्याआल्या खुर्चीत बसवू नका. दहा मिनिटं चालू-फिरू द्या. पावसाळ्यात, जास्त पावसाचा इशारा असेल त्या दिवशी परतणाऱ्या माणसाने घरूनच काम करायचं, हे आधीच लेखी ठरवा. सकाळी सातला तो फोन करून परवानगी मागत बसणार नाही, भिजत येईल. मधुमेह असलेला किंवा पायाला जखम असलेला माणूस तुंबलेल्या पाण्यातून चालून आला असेल, तर पाय साबणाने धुवून, कोरडे करून त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायला सांगा. लेप्टोवरची (अशा पाण्यातून होणाऱ्या तापावरची) प्रतिबंधक गोळी लागेल का ते डॉक्टर ठरवतील.

पहिला दिवस कुठे बिघडतो

गेटवर. दोन-अडीच महिने न वापरलेलं ॲक्सेस कार्ड बंद पडलेलं असतं. सिक्युरिटीवाला नवा असतो, तो ओळखत नाही. नोंदवहीत नाव लिहा, आधार दाखवा, आतून कोणी घ्यायला येईपर्यंत थांबा. बसायला खुर्ची नाही, उन्हात वीस-पंचवीस मिनिटं. वर गेल्यावर कळतं की आपल्या टेबलावर दुसराच बसलाय आणि कॉम्प्युटरचा पासवर्ड संपलाय. आजारी माणसाला यातून एकच निरोप पोचतो: तुमच्याशिवाय चाललं होतं. कोणी तसं म्हणालेलं नसतं, तरी पोचतो.

म्हणून आदल्या दिवशी दुपारी कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन बघावं: कार्ड गेटवर लावून चाललं का, लॉगिन होतं का, लॅपटॉपचे साचलेले अपडेट करून झालेत का, टेबल रिकामं आहे का. साचलेल्या मेलचं काय करायचं हेही आधी ठरवा. त्याच्या जागी काम केलेल्याने एका पानावर "काय संपलं, काय चालू आहे, काय तुमच्यासाठी ठेवलंय" एवढं लिहून द्यायचं. बाराशे मेल वाचण्यात पहिला आठवडा घालवू देऊ नका. पहिल्या आठवड्याचं काम मात्र खरंखुरं असावं, एक-दोन दिवसांत पूर्ण होणारं. नुसतं बसवून ठेवलेला माणूस लवकर खचतो.

हार, केक, टाळ्या यांबद्दल त्याला आधी विचारा. केमोनंतर केस गेलेल्या बाईला सगळ्या फ्लोअरसमोर उभं करून फोटो काढणं हा सत्कार नव्हे.

बसायची जागा, फ्रिज, डबा

खुर्ची अशी की पाय जमिनीला टेकतात, कोपर टेबलाच्या उंचीवर काटकोनात येतात आणि स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, हातभर अंतरावर असते. लॅपटॉपवर हे जमतच नाही, कारण स्क्रीन वर घेतली की कीबोर्डही वर जातो. वेगळा कीबोर्ड द्या आणि लॅपटॉप स्टँडवर ठेवा. दर अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटं उठायचं. एसीच्या झोताखालची जागा आजारातून उठलेल्याला देऊ नका. स्वच्छतागृह जवळ असावं. पोटाच्या आणि मूत्रमार्गाच्या आजारांत ही एक गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा मोठी ठरते आणि तोंडाने कोणी मागत नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यासाठी ऑफिसचा फ्रिज एकदा नीट पाहा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत लागतं. सिंगल डोअर फ्रिजमध्ये फ्रीझरच्या लगेच खाली ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकूनच द्यायचं. दारातल्या कप्प्यात उलट तापमान सारखं वर-खाली होतं. मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न टेकता, नाव लिहिलेल्या छोट्या डब्यात ठेवा, आणि शुक्रवारी फ्रिज साफ करणाऱ्या मावशींना तो डबा दाखवून ठेवा.

जेवणाची वेळ हलू देऊ नका. एकची मीटिंग दोनपर्यंत लांबली तर बाकीच्यांना भूक लागते. मधुमेह्याची साखर उतरते.

शॉप फ्लोअरवर

इथे चूक झाली तर थकव्यावर भागत नाही, बोटं जातात. झोप आणणारं औषध सुरू असलेला माणूस पॉवर प्रेस, फोर्कलिफ्ट किंवा उंचीवरच्या कामावर नको, डॉक्टरांनी त्या यंत्राचं नाव घेऊन परवानगी दिल्याशिवाय. फिट येऊन गेलेल्यांनाही हेच लागू. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या असतात, साध्या कापण्यानेही रक्त लवकर थांबत नाही. प्रथमोपचार पेटीत घट्ट बांधायचं बँडेज आणि जाड गॉज पुरेसं आहे ना ते बघा, आणि शिफ्टमधल्या एका प्रथमोपचारकाला, त्या कामगाराच्या संमतीने, एवढंच सांगून ठेवा. रुग्णवाहिकेचा १०८ नंबर पेटीच्या झाकणावर आतून चिकटवा. भट्टी किंवा बॉयलरजवळचं काम मे महिन्यात सहा आठवड्यांत बसवू नका, ते शेवटी. नाइट शिफ्ट त्याहूनही शेवटी.

बाळंतपणानंतर

२६ आठवड्यांची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी असते. परतल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या विश्रांतीव्यतिरिक्त दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी मिळते, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय लागते. व्यवहारात मात्र बाळ कळव्याला आणि आई रबाळ्याला. मग ती सुट्टी दूध काढण्यासाठीच वापरली जाते, आणि त्यासाठी जागा लागते. आतून कडी लागणारी छोटी खोली, एक खुर्ची, प्लग पॉइंट, हात धुवायची सोय, फ्रिज. स्वच्छतागृह हा पर्याय नव्हे, तिथे कोणी स्वतःचा डबाही उघडणार नाही. साधारण तीन-साडेतीन तासांनी वीस-पंचवीस मिनिटं लागतात. कॅलेंडरवर ती वेळ "बिझी" म्हणून बंद करा, कारण लिहायला नको. काढलेलं दूध २५ अंशांच्या आत चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. लोकलच्या उकाड्यात घरी नेण्यासाठी बर्फाच्या पिशवीचा थर्मल डबा हवाच. मीटिंगमुळे या वेळा टळत गेल्या, तर गाठी होऊन ताप येतो आणि ती पुन्हा रजेवर जाते.

ज्या आजारांबद्दल कुजबुज होते

टीबीच्या माणसाचा कप वेगळा काढणारी ऑफिसं अजून आहेत. टीबी भांड्यांतून, डब्यातून, हस्तांदोलनातून पसरत नाही; हवेतून पसरतो. योग्य उपचार सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका साधारणतः काही आठवड्यांतच खूप उतरतो. डॉक्टरांनी कामावर जायची परवानगी दिलेल्या माणसाला वेगळं बसवायचं कारण नसतं. उपचार मात्र सहा महिने किंवा जास्त चालतात, आणि बरं वाटायला लागलं की माणूस गोळ्या मध्येच सोडतो. म्हणून तपासणीच्या दिवसाची सुट्टी न मागता द्या. खिडकी उघडी ठेवणं सगळ्यांसाठीच चांगलं, त्याच्या एकट्यासाठी नव्हे.

नैराश्य किंवा चिंतेच्या आजारानंतर परतणाऱ्याची अडचण बऱ्याचदा सकाळची असते, रात्रीच्या गोळीची गुंगी दहा-साडेदहापर्यंत उतरत नाही. उशिराची वेळ इथे सगळ्यात जास्त उपयोगी पडते. काम छोट्या, लेखी तुकड्यांत द्या. "बघून घ्या जरा" असं तोंडी नको. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तो एकट्याच्या हातात गुपचूप न देता नोटीस बोर्डावर सगळ्यांसाठी लावा.

बाकीच्यांना काय सांगायचं

वाक्य परतणाऱ्यानेच ठरवावं. "पुढचे काही आठवडे ते साडेअकराला येतील, बिलिंग सध्याच्याच माणसाकडे राहील" एवढं पुरतं. मेडिकलचे कागद टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीच नाहीत, रजेच्या अर्जाच्या फोटोसकट. आणि ज्याने दोन महिने दोघांचं काम ओढलं, त्याच्याकडे बघा. त्याला ओव्हरटाइम, बदली सुट्टी, निदान अप्रेझलमध्ये एक ओळ मिळाली नसेल, तर पाचच्या ठोक्याला "साहेब चालले वाटतं" असे टोमणे सुरू होतात, आणि ते परतणाऱ्याला लागतात, तुम्हाला नाही. परतणाऱ्याचं टार्गेटही तासांच्या प्रमाणात कमी करा. तास निम्मे आणि टार्गेट पूर्ण, तर तो घरी लॅपटॉप उघडणारच.

दर शुक्रवारी पंधरा मिनिटं

पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि मग दर शुक्रवारी, त्याच्या निघायच्या आधी बोला. "ठीक ना?" विचारलं की "ठीक" येतं. विचारा: काल घरी गेल्यावर किती वाजता आडवे झालात? आज सकाळी कालपेक्षा जड वाटलं की हलकं? कोणतं काम पुढे ढकलावंसं वाटतं? सलग दोन सकाळी आधीपेक्षा जड गेल्या, तर पुढचा टप्पा थांबवा, तोच आठवडा पुन्हा करा. तरीही जमलं नाही तर एक पायरी खाली या. सरळ पूर्ण रजेवर पाठवू नका.

न बोलणाऱ्यांच्या खुणा वेगळ्या असतात. दुपारी तीननंतर चुका वाढतात, डबा अर्धा परत जातो, कँटीनला जायचं टळतं, सोमवारी किरकोळ रजा पडू लागतात.

सहाव्या आठवड्याला तास वाढत नसतील, तर ते चार प्रश्नांचं पान पुन्हा डॉक्टरांकडे पाठवा, या वेळी सहा आठवड्यांत प्रत्यक्ष काय जमलं त्याच्या नोंदीसह. उत्तरावरून दोन वाटा निघतात: आराखडा आणखी चार आठवडे, किंवा जागा बदलून काम, जसं गोडाऊनऐवजी डिस्पॅचचं डेस्क. दुसरी वाट घेतली तर पगार, हुद्दा आणि किती काळासाठी हे तिन्ही पत्रात लिहा, तारीख घाला, आणि त्याची एक प्रत त्याला घरी वाचायला दोन दिवस आधी द्या.